एवढी घोडी झाली, तरी...

‘एवढी घोडी झालीस, तरी अक्कल म्हणून नाही!’ हे वाक्य कधीच ऐकलं नाही, अशी बाई आपल्यात शोधून सापडायची नाही. दूध उतू गेलं, की घोडी. अंगणात लंगडी खेळली, की घोडी. लग्न लांबलं, की घोडनवरी. मोठ्यानं हसली तर खिंकाळली, भरभर चालली तर उधळली, आणि उलट बोलली की ‘हिला वेळेवर लगाम घाला’. आपल्या भाषेनं पोरीच्या जातीला घोडीच्या नावानं इतकं काही बोलून ठेवलंय. आणि गंमत बघा मैत्रिणींनो, त्याच पोरीला खऱ्याखुऱ्या घोडीवर मात्र कुणी बसू देत नाही! घोडीवर बसायचा मान नवरदेवाचा. तोही बिचारा आयुष्यात एकदाच बसतो, दोन्ही हातांनी खोगीर घट्ट धरून, आणि त्याचा अर्धा जीव फटाक्यांच्या माळेकडे असतो.

आपल्या खानदेशाला घोड्यांचं वावडं आहे म्हणावं, तर तेही नाही. माझं माहेर शहाद्याकडचं. तापीकाठच्या सारंगखेड्याची यात्रा म्हणजे आमच्यासाठी दुसरी दिवाळीच असायची. मार्गशीर्ष पौर्णिमेला एकमुखी दत्ताचं दर्शन घ्यायचं आणि मग घोडेबाजार बघायचा. सारंगखेडं तेव्हा धुळे जिल्ह्यातच होतं, १९९८ साली नंदुरबार जिल्हा वेगळा झाला. यात्रेची परंपरा तीनशे वर्षांच्या वरची सांगतात. राजस्थान, गुजरात, पंजाब, उत्तर प्रदेश, कुठून कुठून घोडे येतात! कानांची टोकं एकमेकांना टेकवणारे मारवाडी, काठियावाडी, पांढरेशुभ्र नुकरे. अलीकडच्या वर्षांत त्याला ‘चेतक फेस्टिव्हल’ असं नाव मिळालंय. महाराणा प्रतापांचा, हळदीघाटच्या १५७६ सालच्या लढाईतला तो चेतक! घोड्यांच्या नाचाच्या, चालीच्या, देखणेपणाच्या स्पर्धा भरतात, टीव्हीवाले येतात, लाखालाखाच्या बोलींच्या बातम्या छापून येतात.

या सगळ्यात बायका कुठे असतात? दर्शनाच्या रांगेत. भांड्यांच्या आणि बांगड्यांच्या दुकानांत. पोराला पाळण्यात बसवून खाली पर्स सांभाळत. घोडेबाजाराकडे गेल्याच, तर लांबून, पदर नाकाला लावून. एखादी मुलगी स्पर्धेत घोड्यावर दिसली, की तिचा फोटो पेपरात येतो. फोटो येतो, म्हणजेच ते अजून नवल आहे. पोरांचे कुठे येतात एवढे फोटो?

आणि तरी आपल्याला राणी लक्ष्मीबाई हवी असते बरं का! पारोळ्याच्या किल्ल्याशी झाशीच्या नेवाळकर घराण्याचं नातं सांगतात, म्हणून खानदेशात तर तिचा अभिमान थोडा जास्तच. शाळेच्या गॅदरिंगला दरवर्षी एक तरी पोर पाठीवर बाहुली बांधून, लाकडी तलवार घेऊन राणी होते. टाळ्यांचा कडकडाट होतो. घोडा अर्थातच पुठ्ठ्याचा.

आता खऱ्या घोडीची गोष्ट सांगते.

आमच्या पिंपळनेरला वरातीची घोडी ठेवणारं एक घर आहे. नावं लिहीत नाही, पोरीचंच तसं म्हणणं पडलं. दोन वर्षांपूर्वी तिच्या वडिलांनी यात्रेतून एक कुमैत घोडी आणली, कपाळावर पांढरा पट्टा, पाय लांब, मान अशी की बघत राहावं. साठ हजारांत मिळाली. एवढ्या देखण्या जनावराला एवढीच किंमत का, हे घरी आल्यावर कळलं. घोडी खोडीची. खोगीर दिसलं की चावायला धावायची, बँड वाजला की मागच्या दोन पायांवर उभी राहायची. पहिल्याच वरातीत तिनं ताशाचा आवाज ऐकला आणि नवरदेवाला घेऊन थेट बसस्टँडपर्यंत गेली! नवरदेव धड होता, पण त्या दिवसापासून तिला वरातीला कुणी बोलवेना. ‘हाई घोडी नही, तुफान शे,’ म्हणून वडिलांनी तिला आगाडी-पिछाडी लावून मागच्या गोठ्यात बांधून टाकलं. मोतद्दारानं आधी गोंजारलं, मग चाबूक घेतला. चाबकानं ती आणखी बिघडली. शेवटी एका व्यापाऱ्यानं पस्तीस हजारांत मागितली आणि घरात तसं ठरतही आलं होतं.

तेव्हा त्यांची धाकटी, एकोणीस वर्षांची, बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला असलेली पोरगी म्हणाली, ‘बाबा, मला एक उन्हाळा द्या.’

तिनं काय केलं ते मी जवळून पाहिलंय, कारण त्यांचा गोठा आमच्या महिला मंडळाच्या खोलीला लागून आहे. पहिले पंधरा दिवस तिनं काहीच केलं नाही! गोठ्यात स्टूल टाकून पुस्तक वाचत बसायची, घोडीकडे पाठ करून. मी विचारलं, हा काय प्रकार? तर म्हणाली, ‘काकू, घोडा हे पळणारं जनावर आहे. वाघ आला की पळायचं, एवढंच त्याला हजारो वर्षं ठाऊक. त्याचे डोळे डोक्याच्या दोन्ही बाजूंना असतात, म्हणून त्याला जवळजवळ चहूकडचं दिसतं. फक्त कपाळासमोर अगदी जवळचं आणि शेपटीमागचं दिसत नाही. आणि सगळे येतात ते नेमके समोरून हात उगारत, नाहीतर मागून. मग ती घाबरणार नाही तर काय करणार?’

पंधरा दिवसांनी घोडीनंच येऊन हिच्या वेणीचा वास घेतला.

मग खांद्याच्या बाजूनं जाणं, खरारा करणं, एकेक पाय उचलून खूर साफ करणं. मग पांझरेच्या कोरड्या वाळूत लांब दोरीवर गोल गोल फिरवणं, आधी डावीकडून, मग उजवीकडून. वाळूत घोडीला धावायला जोर लागतो, अंगातली मस्ती उतरते आणि हाडांना मारही बसत नाही. घोडीचे कान बघायचे, हे मला तिनंच शिकवलं. टवकारले तर तिकडे काहीतरी नवीन आहे, मागे चपटे पाडले तर राग आहे, एक कान आपल्याकडे वळला तर ती आपलं ऐकतेय. आणि बँडचं काय केलं माहितेय? मोबाईलवर वरातीच्या बँडचं रेकॉर्डिंग घेतलं आणि चंदी खाताना अगदी हळू आवाजात लावायला सुरुवात केली. हरभरा चघळता चघळता ताशा कानावर पडायचा. दर चार दिवसांनी आवाज एक-एक घर वाढवायचा, ती बुजली की पुन्हा एक घर कमी. आमची मंडळाची बैठक महिनोन् महिने त्या बँडच्या साथीनंच झाली! एक दिवस फोन पूर्ण मोठ्या आवाजात वाजत होता आणि घोडी डोळे मिटून कडबा खात होती. मी हिशेबाची वही बाजूला ठेवून बघत राहिले.

लगामाचं तिचं म्हणणं मला फार पटलं. ती म्हणते, लगाम ओढला म्हणजे घोडा शिकतो, हा लोकांचा गैरसमज आहे. लगाम ओढल्यावर त्याला त्रास होतो, एवढंच. त्यानं बरोबर पाऊल टाकलं, त्याच क्षणाला लगाम सैल सोडायचा, तेव्हा त्याला कळतं की हे बरोबर होतं. हे ऐकताना मला घरातली किती माणसं आठवली, ते इथे लिहीत नाही!

गावानं काय म्हटलं? जे म्हणतात तेच. ‘माय वं, हातपाय मोडनात ते कोन करी इले?’ हे आमच्या गल्लीतल्या एका आजीबाईंचं. मोटारसायकलवर तिघं-तिघं बसून साक्रीच्या रस्त्यानं उडत जाणाऱ्या पोरांच्या हातापायांची काळजी त्यांना पडलेली मी पाहिली नाही. बाकी हाडं मोडायची भीती खोटी नाहीच. डोक्याला हेल्मेट हवं, पायात टाच असलेला बूट हवा म्हणजे पाय रिकिबीत अडकत नाही, आणि पहिले काही महिने सोबत जाणतं माणूस हवं. ही पोर मोटारसायकलचं हेल्मेट घालून बसते. घोडेस्वारीचं वेगळं मिळतं, पण ते आमच्या गावात कुठून आणणार!

दुसरी भीती बायका उघड बोलत नाहीत, भाजी निवडताना कानात बोलतात. ‘घोड्यावर बसून पोरीचं काही... झालं तर? पुढे सासरी?’ मी ही गोष्ट आमच्या बैठकीत मोठ्यानं बोलले, इथेही लिहिते. तो जो पडदा म्हणतात, तो सायकलनं, खेळानं, कशानंही ताणला जाऊ शकतो. काहींना तो जन्मतःच नावापुरता असतो, आणि त्यावरून कुणाबद्दल काहीही सिद्ध होत नाही. नाशिकच्या महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठानं २०१९ साली ‘कौमार्याच्या खुणा’ हा भागच डॉक्टरकीच्या अभ्यासक्रमातून काढून टाकला, कारण त्याला शास्त्राचा आधार नाही. डॉक्टरांनी सोडलं ते आपण कशाला धरून बसायचं? पाळीच्या दिवसांत बसायला हरकत नाही, आपल्याला बरं वाटत असेल तर. गरोदरपणात मात्र नको, पडण्याचा धोका नको म्हणून. यापलीकडे घोड्याचं आणि बाईच्या शरीराचं काही वैर नाही.

वैर नाहीच, उलट हा असा खेळ आहे की ऑलिम्पिकमध्ये बाई आणि पुरुष एकाच मैदानात, एकाच पदकासाठी लढतात, वेगळा ‘महिला गट’ नाही. पण तेही फुकट मिळालं नाही हं! घोड्याच्या ‘ड्रेसाज’ या प्रकारात म्हणजे आपल्या चालीच्या स्पर्धेचीच परदेशी बहीण समजा, बायकांना ऑलिम्पिकचं दार उघडलं ते १९५२ साली, हेलसिंकीला. त्याच वर्षी डेन्मार्कच्या लिस हार्टेल या बाईंनी रौप्यपदक मिळवलं. त्यांना पोलिओ झाला होता, गरोदर असताना. गुडघ्याखाली पायांत शक्ती नव्हती. घोड्यावर चढवायला आणि उतरवायला माणूस लागायचा, पण एकदा बसल्या की बसल्या! १९५६ साली त्यांनी पुन्हा रौप्य मिळवलं. आणि आपल्याकडचं सांगायचं तर चीनमधल्या हांगझोच्या आशियाई स्पर्धेत २६ सप्टेंबर २०२३ रोजी भारताच्या संघानं याच प्रकारात सुवर्ण जिंकलं. घोडेस्वारीत १९८२ नंतर, म्हणजे तब्बल ४१ वर्षांनी मिळालेलं सोनं! चौघांच्या त्या संघात दोन मुली होत्या. एक जयपूरची दिव्यकृती सिंह आणि दुसरी इंदूरची सुदीप्ती हजेला. इंदूर काही आपल्याला लांब नाही, आग्रा रोडनं सरळ.

अर्थात, त्यांचं वेगळं आणि आमच्या पोरीचं वेगळं, हे मलाही कळतं. त्या मुलांना युरोपात जाऊन शिकता आलं, तो पैसा वेगळा. आमच्या पोरीचं युरोप म्हणजे पांझरेची वाळू.

चौदा महिन्यांनी तिनं घोडी स्पर्धेत उतरवली. जवळच्याच एका गावच्या यात्रेत चालीची स्पर्धा होती. रेवाल चाल म्हणतात ती, घोडा असा पाऊल टाकतो की स्वाराला हिसका म्हणून बसत नाही. हातात पाण्याचा भरलेला पेला धरला तरी सांडू नये, असं जुनी माणसं सांगतात. आम्ही मंडळाच्या सहा जणी टेम्पो करून गेलो होतो, डबे घेऊन. टेबलावर नाव लिहिणाऱ्यानं विचारलं, ‘मालक?’ तिनं वडिलांचं नाव सांगितलं. ‘स्वार?’ ‘मी.’ तो हसला आणि शेजारी उभ्या असलेल्या तिच्या भावाचं नाव विचारून तेच लिहून टाकलं. भावाला घोडीच्या जवळ जायची हिंमत नाही, हे त्याला काय माहीत! पोरगी शांतपणे म्हणाली, ‘दादा, ते खोडा आणि माझं लिहा. ती त्याला बसू देणार नाही.’ दोन-चार माणसं जमली, ‘मुलींसाठी नियम नाही’ असं कुणीतरी म्हणालं. ‘नको असा नियम आहे का?’ हे आमच्या मंडळाच्या अध्यक्षबाईंनी विचारलं. तसा नियम कुठे लिहिलेला नव्हता. लिहिलं मग नाव.

मैदानात उतरल्यावर घोडी एका रंगीत पताकेपाशी थांबली ती थांबलीच. कान टवकारलेले, नाकपुड्या फुललेल्या. आता उधळते, या बेतानं गर्दी मागे सरकली. हिनं तिला मारलं नाही, टाच दिली नाही, लगाम सैल सोडून तिला ती पताका हवी तेवढी बघू दिली. किती वेळ! माझ्या हातातला रुमाल पिळून पिळून दोरी झाला होता. मग घोडीनं एक मोठा श्वास सोडला, फुरफुरली आणि निघाली. आणि काय निघाली म्हणून सांगू! वेणी सुद्धा हलत नव्हती पोरीची.

सतरा घोड्यांत चौथी आली. पताकेपाशी गेलेला वेळ नडला. बक्षीस तिघांनाच होतं.

इथे जरा वाकडी वाट करते, कारण त्या दिवशी दुसरंही काही पाहिलं. नाचाच्या स्पर्धेतल्या काही घोड्यांच्या तोंडाला फेसाबरोबर रक्त होतं. काटेरी लगाम. बाहेरून घुंगरू, गोंडे, आरसे आणि तोंडात खिळे! आपल्या देशात १९६०चा प्राण्यांना क्रूरतेनं वागवण्याविरुद्धचा कायदा आहे, त्याखाली जनावरांसाठी जे १९६५चे नियम झाले, त्यांत काटेरी लगामाला स्पष्ट बंदी आहे. साठ वर्षं झाली. तरी घोडा मान उंच करून, पाय आपटत नाचला की आपण ‘वा!’ म्हणून दहाची नोट ओवाळतो, तोंडाकडे कोण बघतं? आपल्या घरी वरात निघते तेव्हा घोडी ठरवायला जाणाऱ्या काकांना एवढं सांगायला काय हरकत आहे, की साध्या लगामाची असेल तरच आणा? पैसे आपण देतो ना! स्पर्धा भरवणाऱ्यांनी तर आधी तोंड तपासावं आणि मग मैदानात सोडावं. माझं तर स्पष्ट मत आहे, रक्त दिसलं की घोडा नव्हे, मालक बाद.

त्या दिवशी स्पर्धा संपल्यावर एक म्हातारे फेटेवाले गृहस्थ आमच्या घोडीजवळ आले. काही न बोलता तिचा ओठ वर करून दात पाहिले, वय मोजलं, जिभेखाली बघितलं, गालफडाच्या आतून बोट फिरवलं. म्हणाले, ‘तोंड साफ शे.’ बस, एवढंच. पोरगी घरी येईपर्यंत चौथ्या नंबराबद्दल एक शब्द बोलली नाही, त्या तीन शब्दांबद्दलच बोलत होती.

पण फक्त त्यांनीच तोंड पाहिलं नव्हतं. आठ दिवसांत घरी व्यापारी आला. दीड लाख रोख.

आणि इथून पुढे खरा प्रश्न सुरू झाला. पोरीला एक स्थळ आलेलं होतं, मुलगा नोकरीचा, माणसं बरी. लग्नाला पैसा हवा. वडिलांनी ठरवलं, घोडी विकायची. त्यांचंही चुकीचं म्हणवत नाही, वरातीच्या धंद्यात शिल्लक ती काय राहते? पण हिशेब बघा कसा: तिनं शिकवलेली घोडी विकून तिचंच लग्न! आणि शिकवायच्या आधी त्याच घोडीला पस्तीस हजार येत होते.

इतिहासात आपण शिकलोय ना, शिवरायांच्या घोडदळात दोन तऱ्हेचे स्वार असत. शिलेदार म्हणजे घोडा स्वतःचा. बारगीर म्हणजे घोडा सरकारचा, हा फक्त बसणार. बाया-मैत्रिणींनो, आपण सगळ्या बारगीर! म्हैस दोहतो आपण, डेअरीच्या कार्डावर नाव त्यांचं. निंदणी-खुरपणी आपली, सातबारा त्यांचा. २००५ पासून मुलीला वडिलोपार्जित मिळकतीत मुलाइतकाच जन्मसिद्ध हक्क कायद्यानं दिलाय, पण रक्षाबंधनाच्या आगेमागे हक्कसोडावर सही करून मोकळ्या होणाऱ्या किती जणी मी तहसीलच्या आवारात पाहिल्या आहेत. घोडी तर काय, जंगम मालमत्ता, तिला कोण विचारतं!

मी वही घेऊन वडिलांसमोर बसले. भाऊ, रागावू नका, फक्त आकडे मांडू म्हटलं. चौदा महिन्यांपूर्वी घोडीची किंमत पस्तीस हजार, आज दीड लाख. वाढले एक लाख पंधरा हजार. चौदा महिन्यांचं खाणं, कडबा, घास, हरभरा, कोंडा धरून रोजचे दोनशे, म्हणजे साधारण चौऱ्याऐंशी हजार. ते वजा करा, उरले एकतीस हजार. शिवाय घोडी शहाणी झाल्यावर सरत्या मोसमात तिनं अठरा वराती केल्या, साडेतीन हजार प्रमाणे त्रेसष्ट हजार. दोन्ही मिळून चौऱ्याण्णव हजार. हे कुणी कमावले? मोतद्दारानं? त्यानं तर चाबूक मारून किंमत उतरवली होती, आणि त्याला दरमहा पगार होता. पोरीची मजुरी वहीत कुठेच नाही. भाऊ बराच वेळ वहीकडे बघत राहिले. मग म्हणाले, ‘ताई, तुमचं गणित बरोबर आहे. पण मला लग्नाला रोकड लागते, गणित नाही.’

याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. म्हणून प्रश्न बचत गटाच्या बैठकीत नेला.

तिथे काय कमी गोंधळ झाला! शेळीला कर्ज देतो, म्हशीला देतो, शिलाई मशीनला देतो, पापडाच्या गिरणीला दिलं. घोडीला कर्ज? ‘घोडी काय दूध देणार आहे?’ असं एकीनं विचारलं. दुसरी म्हणाली, जनावर उद्या पोट फुगून मेलं तर? हा प्रश्न रास्त होता. घोड्याला उलटी होत नाही, त्यामुळे पोटदुखी त्याच्या जिवावर बेतू शकते, हे पोरीनंच उठून सांगितलं, लपवलं नाही. विम्याची चौकशी करून आली होती. पशुवैद्यकाचा दाखला आणला होता. तिसरी म्हणाली, आणि लग्न होऊन गेली तर घोडीवर कोण बसणार? त्यावर सगळ्या गप्प झाल्या. अडीच तास चाललेल्या त्या बैठकीत चहा दोनदा झाला.

शेवटी बारा विरुद्ध तीन असं ठरलं. पन्नास हजार, शेकडा एक रुपया व्याजानं, चोवीस हप्त्यांत. जामीन दोघी जणी, त्यांतली एक मी. वडिलांनी पैसे घेतले आणि स्टँपपेपरवर लिहून दिलं की घोडीची निम्मी मालकी मुलीची, दोघांच्या सह्यांशिवाय ती विकायची नाही, वरातीच्या उत्पन्नातून आधी खाणं, मग गटाचा हप्ता, उरलेलं निम्मं-निम्मं. लग्न साध्या पद्धतीनं करायचं, हे त्यांनीच बोलून दाखवलं. मोतद्दार आता तिच्या हाताखाली आहे. त्याला ते अजून पचलेलं नाही, पण चाबूक खुंटीला टांगलेला आहे.

मुलाकडच्यांना तिनं दोनच गोष्टी विचारायला सांगितल्या: बी.ए. पूर्ण होईपर्यंत थांबाल का, आणि तुमच्या वाड्यामागं गोठ्यापुरती जागा आहे का. पहिल्याला होकार आलाय. दुसऱ्याला मुलाचे वडील हसले म्हणे, आणि मुलगा म्हणाला, बघून सांगतो.

अजून त्यानं सांगितलेलं नाही. तुळशीचं लग्न झालं की वरातींचा मोसम सुरू होईल, आणि पुढच्या दत्तजयंतीला सारंगखेड्याला जायचं तिचं पक्कं आहे. टेम्पोच्या भाड्यात आम्ही सहा जणी आहोतच, आणखी दोघींना जागा होईल.